कळशीभर खारं पाणी

३ फेब्रु.
वडवणीला उतरून घरी. धाकट्या संजूच्या नव्या घराच्या भिंती झाल्या, पुढच्या महिन्यात स्लॅब. भिंती आमच्याच विहिरीच्या पाण्यावर उठल्या. विटांत लोखंडी गज नसतात, चाललं. स्लॅबात असतात. माय मात्र अडून: "स्लॅबला बी आपल्याच हिरीचं."
पाणी चाखलं. तेच, मचूळ. त्यात कधी डाळ शिजली नाही की साबणाला फेस आला नाही. तरी आम्ही भावंडं शाळेतून आलो की तांब्याच तोंडाला. एक बाटली आमच्या विहिरीची घेतली, एक गावच्या.

५ फेब्रु. बीड.
मी शिकवते त्या कॉलेजात पाणी तपासलं. गावच्या विहिरीचं चांगलं. आमच्यात मीठ भारी, गज गंजणार. दोन्ही पाण्यांचे काँक्रीटचे ठोकळे ओतले. माय कागदावर विश्वास ठेवायची नाही.

६ फेब्रु.
मायला फोन. "गावानं त्या हिरीला शिवू दिलं न्हाई, तवा तुज्या बापानं ही खांदली. हेच पिऊन तू इंजिनेर झालीस. आता खारं लागतंय व्हय?"
बापाला आम्ही दादा म्हणायचो. दादा मुरमात उतरलेले, वरून नुसती टोपी दिसायची. पाणी लागलं त्या दिवशी चिखलाचा हात माझ्या गालाला लावला होता. फार आठवण येते.

१२ फेब्रु.
सात दिवसांचे ठोकळे दाबून फोडले. आमच्या पाण्याचे जास्त पक्के! व्हायचंच. मीठ सिमेंटला लवकर आवळतं, पुढे तो जोर राहत नाही. पण संजूला सांगून बसले, त्यानं मायला. लगेच फोन: "बघ! तुजा बाप लई पक्का होता." हसू आलं. मग रडूही.

५ मार्च
अठ्ठावीस दिवसांचे. गावचं पाणी पुढे, आमचं मागे. थोडंच. खरा धोका गजांना, तो ठोकळ्यात दिसत नाही, वर्षांनी दिसतो.
संजू म्हणाला, "आक्का, माज्या लेकरांच्या डोक्यावर राहनार हाय ते. तू म्हनशील तसं."
ठरलं. स्लॅबला गावचं पाणी. दारापुढचा ओटा बिनगजाचा, त्याला आमचं.

१० मार्च
स्लॅब. टँकर गावच्या विहिरीवर भरला, कुणी हटकलं नाही. माय तिकडे पाठ करून बसलेली. दुपारी बघते तर चालत्या मिक्सरपाशी उभी, हातात ओली कळशी.
"ह्यात काय होतं, माय?"
"पाणी."
"कुठं गेलं?"
"तहान लागलती. म्या पिलं."
कळशीभर!

११ मार्च
सकाळी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलं, काँक्रीट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून. एवढ्या स्लॅबात एक कळशी काहीच नाही, वर्गात असंच सांगेन. पण सगळी मिक्सरच्या एकाच मालात गेली असेल, तर त्या जागचे गज...
कुठला कोपरा? विचारलं तर सांगेल ती. शिडीपर्यंत आलेही. खाली माय, ओट्याच्या जागी, मान वर करून.
"हाय का गं ओल?"
म्हटलं, "हाय."