नदीकाठचा काटेरी मठ

माझ्या थोरल्या बहिणीला, अचे यांग्झेस-लेला, नुब्राहून धाकट्या छोस्पेलचा वाकून जुले. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? तिकडे कुल्लूला म्हणे खोकल्यावर गोड औषध देतात. आमा असती तर तिने त्सेरमांगची नारिंगी फळं उकळून पाजली असती, आणि त्या आंबट घोटाला घाबरूनच खोकला पळाला असता.

तर अचे, आमाच्या नदीकाठच्या रेताड तुकड्यात मी त्सेरमांग लावलं. (हसू नकोस. आपल्या लहानपणी ते झुडूप फक्त कुंपणाला, चुलीला आणि आपल्या ढुंगणात रुतायला होतं. आता त्याच्या रसासाठी लेहहून गाड्या येतात.) फळं असलेल्या झाडाला कोयता लावू नये, असं आमा म्हणायची. आठवतं? गोठलेली फळं झोडपायला आपण चादर घेऊन जायचो. तू काठी मारायचीस, मी खाली आ वासून उभा. मग आमा सुईने माझ्या कानातला काटा काढत तुलाच रागवायची. तर आमाचा शब्द मोडू नये म्हणून, ज्यांना एकही फळ नव्हतं त्याच झुडपांच्या फांद्या मी तोडून आणल्या.

सगळ्या जगल्या. वर्षं गेली, माझ्या डोक्याइतक्या उंच वाढल्या, पण फळ औषधालाही नाही. लामा बोलावले, धूप जाळला (थुकपा त्यांनी दोनदा मागून घेतला). शेवटी शेजारच्या गावची पद्मा चोरोल पाट वळवायला आली. नवरा वारल्यापासून ती एकटीच आपला मळा सांभाळते. तिने एक कळी नखाने चिरून पाहिली आणि मटकन बसून हसायलाच लागली.

"छोस्पेल-ले, हे सगळे पुरुष आहेत!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मठ काढलाय. फळं बायकांना लागतात!"

झालं. गावाला विषय मिळाला. म्हातारा मेमे इशे रोज कुंपणापाशी हात जोडून विचारायचा, "सकाळची प्रार्थना झाली का रे लामांची?" पर्यटकांचे तंबू ठोकायला तो तुकडा मागणारा एकजण चकरा मारत होताच. मी वैतागून त्याला हो म्हणणार, तोच चोरोल-ले पाठीवरच्या करंडीत मादी रोपं घेऊन हजर. म्हणाली, "थोडे पुरुष राहू द्या, वाऱ्यावर पराग सोडायला लागतात. बाकीचे चुलीत घाला." रोप लावून झालं की ती टाचेने माती दाबायची, अगदी आमासारखी. अचे, मी पाण्याचं निमित्त करून पाटाकडे गेलो आणि तोंड धुतलं. आमा गेल्यापासून त्या तुकड्यात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता गं.

तंबूवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बाकी सगळं ठीक. पत्राला खास कारण काही नाही, सहज लिहिलं.

तुझा,
छोस्पेल

ता. क. लग्नाची मागणी घालायला छांगचा घडा थोरल्या माणसाने न्यायचा असतो. मला तुझ्याशिवाय थोरलं कोण आहे? बर्फाने वाट बंद व्हायच्या आत येशील का?

आणखी एक. हे मी चोरोल-लेला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमच्या अचेचे गुडघे दुखतात ना? पत्ता द्या, मीच जाते." तिची फळांची गाडी तिकडे निघालीच होती. तेव्हा हे पत्र जिने तुझ्या हातात दिलं, तीच ती. दारात उभी ठेवू नकोस. चहा पाज, आणि परतीला तिच्याच गाडीत बस.