कॉलरवरचे गरुड

३ मार्च, सोमवार

कोट बसत नाही! समारंभाचा गणवेश दोन वर्षं कपाटात होता, आज काढला — तर मधलं बटण लागेना. श्वास कोंडून लावलं, तर फट्कन उडून पलंगाखाली. नवरा पलंगाखाली शिरून शोधत म्हणतो, "कोट आटलाय गं, तू नको काळजी करू." गोड बोलण्यात याचा हात कुणी धरणार नाही.

फोटो वीस तारखेला. शिपायांतून अधिकारी करायची जागा यंदा एकच. निवड मंडळ कुणाला समोर बोलावत नाही — कागद बघतं आणि फोटो बघतं. फोटोत गणवेशाची एक चूक दिसली की फाईल बाजूला! आणि पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीबाहेर. म्हणजे हीच शेवटची खेप.

६ मार्च

छावणीतल्या शिंपीकाकांनी कोट उलटा करून शिवणीत बोटं घातली. "दोन बोटं कापड आहे आत. मीच ठेवलेलं. भरतीला येता तेव्हा सगळे काडीपैलवान असता." जीव भांड्यात पडला.

९ मार्च

पितळी बटणं घासली. नवऱ्याने दोनच घासली आणि दिवसभर हात दुखतोय म्हणून सांगत फिरला.

१४ मार्च

कोट आला. झक्क बसतो! अंगातून काढवेना. तसाच घालून आरशासमोर उभी राहिले, फितींच्या जागा दाखवणारा छापील तक्ता समोर टेकवला आणि पदकांच्या फिती तक्त्याप्रमाणे तिथल्या तिथे टाचून घेतल्या. अगदी हुबेहूब जुळल्या. स्वतःवर खूश आहे.

१७ मार्च

आमच्याकडे नियम आहे — फोटोआधी सोबतच्या कुणीतरी पट्टी घेऊन गणवेश तपासायचा आणि फॉर्मवर सही करायची. माझा लंबूने तपासला. भरतीपासून माझ्या शेजारच्या खाटेवरची लंबू — आणि याच एका जागेची दुसरी उमेदवार. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.

कोटावरून पट्टी फिरवत आली ती फितींपाशी थांबली. मग, "गाढवे, फिती आरशात बघून लावल्यास ना?"

सगळ्या उलट्या! मोठ्या मानाची फीत छातीच्या मध्याकडे यायची, ती गेली होती दंडाकडे. आरशात तक्त्यासारखी दिसत होती, फोटोत उलटी आली असती. तिनेच उसवून नीट लावल्या, मग सही केली. ती गप्प बसली असती तर माझा पत्ता तिथेच कट होता.

१९ मार्च

आज लंबूचा गणवेश मी तपासला. फिती बरोबर. बाह्यांची लांबी बरोबर. कॉलरवरचे दोन गरुड एकमेकांकडे बघणारे हवेत. तिचे खांद्यांकडे तोंडं फिरवून, रुसल्यासारखे. घासायला काढले असणार आणि परत लावताना डावा-उजवा बदलला.

मी सही केली.

इथे तरी खरं लिहिते — दिसलं होतं. तिला पुढच्या वर्षी संधी आहे, मला नाही, एवढंच मनात आलं. ती "झालं ना गं नीट?" म्हणाली आणि मी मान डोलावली. मान डोलावली!

जेवताना ताट अर्ध्यावरच सारलं. नवरा विचारतो काय झालं. काही नाही म्हटलं.

२० मार्च

तिचा फोटो नऊला, माझा अकराला. साडेआठलाच धावत सुटले — पायात घरातल्या चपला. पोचले तेव्हा ती पांढऱ्या पडद्यासमोर उभी होती आणि फोटोग्राफर दिवे लावत होता. "थांबा!" म्हणून अशी ओरडले की तो दचकलाच.

तिच्या कॉलरवरचे गरुड काढायला घेतले. "काल दिसलं होतं मला," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. मग मान वर केली. "नीट लाव. टोचतंय."

एवढंच बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हलकंही वाटलं — इतकं की माझ्या फोटोच्या वेळी हसूच आवरेना. "बाई, सरकारी फोटो आहे, हसू नका!" चांगला आलाय. मन म्हणतंय, माझं होणार.

२ एप्रिल

यादी नाही अजून. नवरा आत्तापासूनच मला "साहेब" म्हणतो. भांडी मात्र साहेबांनाच घासायला लावतो.

११ एप्रिल

यादी लागली. लंबूचं नाव आहे.

मैदानातच गाठलं तिला. टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला — पहिला मान माझा. अधिकाऱ्याने उलट सॅल्यूट दिल्याशिवाय आपला हात खाली घेता येत नाही. आणि ही बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतेय. माझा हात तसाच वर!