इंदापूरला की इंदापुरात

८ जुलै १९५७, सोमवार. बारामती.
आठवीला इन, ऑन, अ‍ॅट सुरू केलं. पहिल्याच तासाला घसा बसला. आपल्याकडे सगळं 'वर'. वडील मळ्यावर, आई विहिरीवर, चुलते कारखान्यावर. पोरांनी इमानेइतबारे सगळीकडे ऑन घातलं. म्हणजे चुलते कारखान्याच्या छपरावर आणि आई विहिरीला झाकण. फळ्यावर चित्र काढून दाखवलं. हसले. उद्या पुन्हा तेच लिहितील.
संध्याकाळी पिठलं केलं. गाठी झाल्या. कुसुम असती तर हसली असती. तिला इंदापूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागल्यापासून घर हे असं. बदली मिळाली की येईल इकडे. मिळाली की.

१० जुलै, बुधवार.
आज पुस्तकातला नियम सांगितला. मोठ्या गावाला इन, लहान गावाला अ‍ॅट. भांडणच लागलं. जळोचीचा एक उठला. "गुर्जी, बारामती मोठी म्हंजी कुणापरीस?" पुण्यापुढे अ‍ॅट, जळोचीपुढे इन, असं काहीतरी बोलून सुटलो. मागून वरकुट्याची पोरगी, शिकायला मावशीकडे राहते ती, म्हणाली, "वरकुट्यात आमचं समदं घर हाय. आमाला इनच पायजे."
पुस्तकाप्रमाणे चूक. पण मला तिचंच पटलं. माणूस मुरलं तिथं इन, नुसतं टेकलं तिथं अ‍ॅट. तसं सांगायला हवं होतं. घंटा झाली.

१४ जुलै, रविवार.
जळोचीला आईकडे. धाकट्या भावाने यंदा गवार लावलीय, चांगली आहे. आईने बसायच्या आत विचारलं, "सून कवा येनार?"
म्हटलं, बदलीचं बघतोय.
"कोन बगतंय? तू का ती?"
गवार घेऊन परत. निवडायचा कंटाळा, तशीच पडून आहे.

२१ जुलै, रविवार. रात्री, बारामती.
इंदापूरला जाऊन आलो. एस.टी.त उभाच. कुसुम स्टँडवर आली होती. वाटेत तिच्या वर्गातल्या कुणा मुलीची आई भेटली.
"बाई, हे पाव्हणं कोन?"
"आमचे हे. बारामतीला असतात."
"आन् तुमी न्हाय जायाच्या तिकडं?"
"मी इथं इंदापुरात राहते."
सहज म्हणाली. विचार करून म्हणाली असती तर इतकं लागलं नसतं. मी बारामतीला, ती इंदापुरात. आणि मी पाहुणा. हा फरक आपल्याच भाषेत पडून आहे आणि मी पोरांना तो साहेबाचा म्हणून शिकवतोय.
तिची खोली नीटनेटकी. नवा स्टोव्ह. खिडकीत डब्यात ओवा लावलाय. जेवताना बदलीचं काढलं, तर म्हणाली, "माझ्यासाठी नका खटपट करू. मला नकोय बदली."
का, म्हटलं.
"तिथं मी मास्तरांची बायको. इथं मला बाई म्हणतात. तुम्हीच या ना इकडे. हायस्कूलला इंग्रजीचा माणूस हवाय म्हणतात."
"बघू," म्हटलं.
"तुमचं बघू म्हणजे नाही. मला माहीत आहे."
निघताना गाडीपर्यंत आली. "पुढच्या रविवारी येते स्टँडवर," म्हणाली.

२३ जुलै, मंगळवार.
वर्गात उगाच ओरडलो. ज्याच्यावर ओरडलो त्याचं वाक्य बरोबर होतं. दुपारी राग तिच्यावर, संध्याकाळी स्वतःवर. बायकोच्या गावी नोकरी शोधत गेला म्हणतील. म्हणू देत, असं लिहायला सोपं आहे. इथं सगळे ओळखतात, इथंच म्हातारा व्हायचं धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नव्हतं.
तिची आठवण येते. फार येते.

२८ जुलै, रविवार.
आज इंदापूरला गेलो नाही. जळोचीला गेलो. आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. भाकरी थापत राहिली.
मग म्हणाली, "मळा धाकटा बगतूय. माझं काय अडत न्हाय तुझ्यावाचून."
हेही लागलंच.
"मग जाऊ म्हणतेस?"
"मला कशाला इचारतुस? तिनं तुला इचारलंय. तू काय सांगितलंस तिला?"
"बघू म्हटलं."
आईने तव्यावरची भाकरी उलटली. "आज ऐतवार. ती स्टँडवर यून बसली आसंल."