यादीतलं पहिलं नाव

पाचूबंदर, वसई
७ जून

चि. प्लासिड यास इनेझबायचे अ. आ.

तुझ्या साहेबांच्या चार खासदारांवाचून दिल्लीत सरकार बनत नाही म्हणे! इथं सगळे हवेत आहेत. मासेमारीचं खातं मागीन, मोठ्या जहाजांची जेट्टी इथं होऊ देणार नाही, असा शब्द साहेबांनी आमच्या वाळूवर उभं राहून दिलाय. जेट्टी झाली तर होड्या लावायच्या कुठं?

तू सांगितलंस तशी विरोधाची यादी केलीय. एक्केचाळीस होड्या, प्रत्येकीचा नंबर, मालकाची सही. पहिली सही युजीनची. माझा नवरा मच्छीमार संस्थेचा चेअरमन, त्याच्या आधी कोण करणार? मिशीला पीळ देऊन केलीय. सोबत पाठवतेय. आणि बाबा रे, वेळेवर जेवत जा.

लोभ दिल्लीच्या उन्हात सुकू देऊ नकोस.
इनेझबाय

नवी दिल्ली
१२ जून

ती. इनेझबाय हिस शि. सा. न.

साहेब मंत्री झाले, पण बंदरांचे. मासेमारी दुसऱ्या मित्रपक्षाला गेली. तीन दिवस घासाघीस चालली होती. मी बाहेर बसून कोणाला काय त्याचे तक्ते टाइप करत होतो, ते खोडून परत यायचे. शेवटी साहेब बाहेर आले ते हसत. मी जेट्टीची आठवण करून दिली, तर म्हणाले, आता ठरवणारे आपणच, काळजी कशाला?

मग तुमच्या यादीबद्दल एकच विचारलं, होड्यांचे नंबर आहेत ना? नीट टाइप करून आण म्हणाले. बाय, मला ते आवडलं नाही. मूळ कागद माझ्या बॅगेतच ठेवलाय. फोनवर यातलं काही बोलू नका, पत्रच लिही. आणि एवढ्यात पेढे वाटू नका.

भावोजींना नमस्कार. माया असू दे.
प्लासिड

पाचूबंदर
३० जून

चि. प्लासिड, अ. आ.

पेढे वाटून झाले रे! काल संत पीटरच्या सणाला तुझे साहेब आले. फादरनी वाळूवरच्या होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मग साहेबांनी खिशातून यादी काढून एकेकाला नावानं, होडीच्या नंबरानं पुढं बोलावलं. शाल घातली. प्रत्येकाचा त्याच्या होडीपुढं फोटो काढला. इतका मान आम्हाला कोणी दिला नव्हता.

पण चाळीसच नावं वाचली. युजीन नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता, तसाच बसून राहिला. घरी आल्यावर जेवला नाही. टाइप करताना झोपला होतास का, मेल्या?

रागावलेय, तरी तुझीच,
इनेझबाय

नवी दिल्ली
६ जुलै

ती. बाय, शि. सा. न.

झोपलो नव्हतो. भावोजींचं नाव मी मुद्दाम गाळलं. पावसाळा सरताच जेट्टीचं काम सुरू करायचं, या अटीवरच साहेबांना हे खातं मिळालंय. आड येणारे कोण, ते त्यांना आधी हवं होतं, आणि ते त्यांना तुमच्याकडून मीच मागवून दिलं. हे मला कळलं तेव्हा यादीची वाट बघत साहेब दारात उभे होते. एकच नाव वाचवता आलं. मला भीती वाटते, बाय.

हे वाचून फाडून टाक. लोभ उरला असेल तर राहू दे.
प्लासिड

पाचूबंदर
३० जुलै

चि. प्लासिड, अ. आ.

परवा पावसाळी बंदी उठून मासेमारी उघडणार, आणि काल चाळीस घरी सरकारी नोटिसा आल्या. परवान्याची चौकशी संपेपर्यंत होडी पाण्यात न्यायची नाही. आमच्या घरी काही आलं नाही. युजीन फुटला, असं गाव म्हणतं. फ्लॉसी वीस वर्षं माझ्या शेजारी बसून मासळी विकते, तिनं काल पाटी उचलून लांब नेली. आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेला आमच्या बाकावर कोणी बसलं नाही.

तुझं पत्र मी फाडलं नव्हतं. युजीनला वाचायला दिलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण त्यानं पत्र घडी करून परत दिलं. मग म्हणाला, पोरानं मायेपोटी केलं, पण मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. परवा तो होडी काढणार नाही.

युजीनच्या पहिल्या सहीचा मूळ कागद साहेबांच्या टेबलावर ठेव. तुझी नोकरी जाईल, ठाऊक आहे मला. सरळ घरी ये. तुला मी काही बोलणार नाही.

वाट बघतेय. युजीन बाहेर होडीवरचा नंबर पुन्हा रंगवतोय, लांबून वाचता यावा इतका मोठा.

तुझी,
इनेझबाय