देशी मांगूर अन् बिसाहू भैयाचं 'हव'

शनिवार, १२ जुलै. चौबे कॉलोनी, रायपूर.

साबणानं हात धुतले तरी मासोळीचा वास जाऊन नाही राहिला. अन् ते 'हव'ही डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

देशी मांगूर मासा तळ्यात पाळता यावा म्हणून आम्ही हॅचरीत त्याची पिल्लं काढून राहिलो. त्यासाठी मोठे नर-माद्या मासे पुरवणाऱ्या बिसाहू भैयानं आणले. मी विचारलं, "देसी है ना?" तो म्हणाला, "हव." झालं, मी टाकीत सोडले.

आज टाकी साफ करताना एका नराचं डोकं मले जास्तच रुंद दिसलं. थाई मांगूर तर नाही? त्याच्यावर बंदी आहे. तळ्यात गेला तर बाकीच्या मासोळ्या खाऊन टाकतो.

घाबरून भैयाले फोन लावला. "थाई तो नहीं है?"

"हव दीदी."

"मतलब थाई है?"

"हव."

इथं छत्तीसगडीत 'हव' म्हणजे 'हो', पण नुसतं 'ऐकून राहिलो' असंही असते. इतकी वर्षं रायपुरात राहून मले हे काहून नाही सुचलं?

उद्या याचीच पिल्लं गावच्या तळ्यात जातील. थांबवू? अन् ते डोकं रुंद नसलंच तर?

आत्ताच हॅचरीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, सब देसी ही है ना?"

माझ्या तोंडून निघालं, "हव."