गालावरची तीट

आसगाव, शुक्रवार, नोव्हेंबर १९७९

हायसं वाटलं. पोर बरं आहे.

सकाळी पवनीच्या एस.टी.त समोर एक अनोळखी बाई होती, मांडीवर तापानं मलूल झालेलं पोर. गालावर काजळाची मोठी तीट. मी सवयीनं त्याच्याकडे पाहत मनात म्हणालो, बरं होऊ दे याला. परक्यांसाठी मी रोज असंच काहीतरी मागतो. कुणाला कळत नाही. बाईला दिसली ती फक्त माझी नजर.

"काहून एकटक पाहून राहिले, भाऊ? लेकराले नजर लावता काय?"

तिनं पदर ओढून त्याचं तोंड झाकलं. तेवढ्यात ते जोरात रडायला लागलं. सगळी एस.टी. माझ्याकडे वळून पाहू लागली.

दिवसभर शाळेत शिकवण्यात लक्ष नव्हतं. नजर लागण्यावर माझा विश्वास नाही. मग मनातल्या मागण्यावर तरी कसा आहे?

संध्याकाळी स्टँडवर तीच बाई. मी मान फिरवली. तिनंच हाक मारली, "ओ भाऊ! उतरला ना ताप. घ्या, आता पाहा पोटभर!"

पोर बिस्कीट चोखत होतं. तीट पुसट होऊन गालभर पसरली होती.

मी पाहतच राहिलो. त्याच्यासाठी काही मागायचं राहूनच गेलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.