कार्तिकातलं मद्रास

अण्णा, आईनं आज सकाळी मला विचारलं, "मग कुठं न्यायचं ठरवलंस मला, आणि कधी?" मी पुढ्यात रेल्वेचं टाइमटेबल, पंचांग आणि तुमचा तो कापडावर चिकटवलेला नकाशा घेऊन बसलो होतो, तरी मला उत्तर देता येईना. कचेरीत वीस वर्षं कारकुनी केली, लोकांचे गुंतलेले दावे तारखेवार लावून दिले, पण स्वतःच्या आईला कुठल्या गावी कुठल्या महिन्यात न्यावं एवढं मला लावता येत नाही. रविवार आहे. जेवणं आटोपली आहेत, तुमची सून मागच्या दारी वाल सोलते आहे, आई ओटीवर कलंडली आहे आणि मी तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र जायचं कुठं ते विचारू नका. शहरांचा प्रश्न आला की अजून तुमच्याकडंच यावंसं वाटतं, त्याला मी काय करू.

गोष्ट अशी आहे. आईचे गुडघे गेले. इथल्या अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुठं फिरवून आणायचं असेल तर या वर्षात आणा, पुढच्या वर्षी दोन पायऱ्या चढणंही व्हायचं नाही. म्हणजे तिच्या पायांत एकच प्रवास उरलाय, आणि तो चुकला तर चुकलाच. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तुमची सून म्हणते काशी, दुसरं काय. हेडक्लार्क म्हणतात, दिल्ली-आग्रा करा, म्हातारीला ताजमहाल दाखवा. शेजारचे वकील कलकत्त्याचं नाव काढतात, कारण ते स्वतः जाऊन आलेत आणि ते ऐकवायला त्यांना माणूस हवा असतो. बरं, गाव ठरवावं तर महिना बसत नाही. माघात काशीला म्हणे हाडं गोठतात, मग गुडघ्यांचं काय होणार? फाल्गुन सरला की तिकडं उष्ण वारे सुटतात. जगन्नाथाचा रथ आषाढात, तेव्हा आपल्याकडं अंगणात पाय ठेववत नाही. द्वारका बरी म्हणावी तर आगबोटीचा लांबचा पल्ला, आणि तिला बोट लागते. एक गाव थंडीत चांगलं तर दुसरं पावसानंतर, आणि दोहोंच्या मधे हजार मैल. एवढा पसरलेला देश आपल्याच वाट्याला कशाला आला, असं मी काल वैतागून म्हणालो. आई म्हणाली, "ह्यांच्यापुढं म्हणाला असतास तर कान उपटला असता तुझा."

उपटलाच असतात. मला मुरुडची पुळण आठवते. ओहोटी लागली आणि वाळू ओली, घट्ट झाली की तुम्ही सगळा वर्ग खाली घेऊन येता, काठीनं हिंदुस्थान काढता, वर हिमालयाला वाळूचा बांध घालता आणि एकेका पोराला एकेका शहरावर उभं करता. लाहोर, दिल्ली, पाटणा, कलकत्ता. कोळ्यांची पोरं कराची आणि मुंबई मागून घेतात, कारण तिथं पायाला पाणी लागतं. मला दरवेळी नागपूर. मी रडकुंडीला येऊन म्हणतो, मलाही समुद्र हवा, तर तुम्ही म्हणता, "मधला हलला की सगळे हलतात. उभा राहा." एकदा मी कटक गोदावरीवर आहे असं ठोकून दिलं, तेव्हा बाकीच्यांना घरी सोडून तुम्ही मला एकट्याला नागपुरावर उभं ठेवलंत. भरती लागली, मुंबई गेली, पुणं गेलं, आणि पाणी माझ्या घोट्याला लागलं तेव्हा म्हणालात, "कटक महानदीवर. मी एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही." तेवढं बोलून तुम्ही पुढं चालू लागलात आणि मी मागून आलो.

गंमत अशी की तुम्ही स्वतः मुंबईपलीकडं गेलाच नव्हतात. तीस वर्षं पोरांकडून देश पाठ करून घेतलात, पण तुमचा प्रवास म्हणजे मुरुडहून आगबोटीनं भाऊच्या धक्क्यापर्यंत, बस्स. पेन्शन सुरू झाली त्या पावसाळ्यात तुम्ही यादी काढलीत. बावीस शहरं होती तीत. आईला दोनच हवी होती, रामेश्वर आणि काशी, आणि तीही त्याच क्रमानं, कारण रामेश्वरची वाळू नेऊन प्रयागला गंगेत सोडायची असते. मला नोकरी लागून चार-पाच वर्षं झालेली, रजा मिळून मिळून तीन आठवडे. तुम्ही पडवीत बसून एकेक शहर खोडत होता. लाहोर खोडलंत, अमृतसर खोडलंत, दिल्लीवर काट मारून पुन्हा लिहिलंत आणि पुन्हा मारलीत. शेवटी राहिलं ते मद्रास, तिथून रामेश्वर, मग प्रयाग आणि काशी.

महिना ठरवला मी. दिवाळीला कोर्ट बंद, त्याला जोडून रजा, म्हणजे कार्तिक. आणि आपल्या किनाऱ्यावर दुसरा हिशेब कुणाला येतो? पावसाळाभर आगबोट बंद, मुरुडचा माणूस मुरुडात. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला की वाटा उघडल्या आणि जग पुन्हा सुरू झालं. परसात मासे घेऊन येणाऱ्या कोळणीनं टोपली उतरवता उतरवता तुम्हाला सांगितलं होतं, "खुशाल जावा मास्तर. दर्या निवला म्हंजे सगलीकडंच निवला. आता पानी कुठं न्हाय." मला ते इतकं पटलं की मी तेच वाक्य भेटेल त्याला ऐकवत सुटलो. आपला पाऊस संपला म्हणजे देशाचा संपला, असं मी धरून चाललो होतो.

मद्रासला उतरलो तर आभाळ फाटलेलं. असा पाऊस मी मुरुडलाही पाहिला नव्हता, आणि हवा मात्र गरम. स्टेशनावर कळलं की रामेश्वरच्या वाटेवर रूळ वाहून गेलेत, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही. स्टेशनाजवळ एक छत्र होतं, छत्र म्हणजे तिकडची धर्मशाळा, तिथं आपल्याला एक खोली मिळाली. त्या खोलीचं मला आठवतं ते एवढंच की भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. मी सकाळी उठून स्टेशनावर जायचो, बाबूपुढं उभा राहायचो, तो मान हलवायचा, मी दुपारी परत यायचो, दोन घास खायचो आणि पुन्हा जायचो. आठ दिवस हेच चाललं. आठव्या दिवशी मी म्हणालो, "रजा संपत आली, आता काशीही जमायची नाही, परत जाऊ." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. पुढच्या वैशाखात तुम्हाला ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. ती बावीस शहरांची यादी मला नंतर कुठं सापडली नाही.

तेव्हापासून घरात कुणी आलं-गेलं आणि प्रवासाची गोष्ट निघाली की आई सांगते, "एवढे भूगोलाचे मास्तर, आणि मद्रासचा पाऊस विसरले." रागानं नाही सांगत. तुमचं हसं करायची तिला तेवढीच एक जागा आहे, ती काही ती सोडत नाही. ऐकणारे हसतात, सून हसते, आणि मी पानाला चुना लावत बसतो.

तर आज सकाळी तिनं विचारल्यावर मी टाइमटेबल मिटलं. मी म्हणालो, "तूच सांग. सगळ्यांनी सांगून झालंय, तुला कुणी विचारलंच नाही." ती लगेच म्हणाली, "मद्रासला ने." मला वाटलं, गुडघ्यांबरोबर हिचं डोकंही गेलं. मी म्हणालो, "आई, त्या मद्रासनं आपला सगळा प्रवास बुडवला. काशी सोडून तिथं काय बघायचंय तुला?"

"बघायचं काही नाही," ती म्हणाली. "बसायचंय. तुला काय ठाऊक, तू दिवसभर स्टेशनावर. तीस वर्षांत हे माझ्याशी कधी बसून दोन शब्द बोलले नव्हते. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की वह्या. तिथं बाहेर धो धो पाऊस, जाणार कुठं? मी भात टाकायची आणि हे शेजारी बसून नारळ खवायचे. घरी कधी चुलीकडं फिरकले होते? छत्रातली बाई दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढायची. तिच्याकडून मूठभर पीठ मागून आणलं आणि खोलीत फरशीवर देश काढला. म्हणाले, हे मुरुड. हे मद्रास, आपण इथं बसलोय. ही तुझी काशी. मी म्हटलं, एवढीशीच? तर म्हणाले, इथून एवढीशीच दिसते. मग रोज पुसायचे, रोज काढायचे, आणि रोज एका गावची गोष्ट. तिथं काय पिकतं, बायका काय नेसतात, थंडी कधी पडते. स्वतः पाहिलेलं एक नाही, पण सांगायचे असं की आत्ताच जाऊन आलेत." ती गुडघा दाबू लागली. "काशी मी तिथं पाहिली रे. ती खरी पाहायची हौस आता नाही उरली. त्या छत्रात चार दिवस ने."

अण्णा, मला काही म्हणजे काही कळेनासं झालं. पंधरा-सोळा वर्षं मी तो प्रवास फुकट गेला असं धरून चाललोय. त्याची मला इतकी लाज की मद्रासचं टपाल कचेरीत आलं तरी मी ते दुसऱ्याकडं सरकवतो. आणि ही म्हणते, तेवढे आठच दिवस तिच्या संसारात तिचे होते. मग मी बुडवला तो प्रवास की घडवला? मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला हेवा वाटला. पीठ पसरून तुम्ही तिला देश दाखवत होता तेव्हा मी भिजत बाबूपुढं उभा होतो, आणि परत आल्यावर त्या फरशीकडं मी एकदाही पाहिलं नाही.

मी विचारलं, "बरं, मग कधी जायचं?" ती म्हणाली, "कार्तिकात. पाऊस हवा. दरवर्षी पडतो का रे तिकडं कार्तिकात, की त्याच साली पडला होता?" मी म्हणालो, दरवर्षी पडतो. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "ह्यांना ठाऊक नव्हतं. तुला कुणी सांगितलं?"

आता लिहितो ते लिहून झालं की हा कागद चुलीत जाईल, कारण तुमच्या सुनेला वाचता येतं आणि तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही सांगितलं होतंत. निघायच्या आठवडाभर आधी, मुरुडच्या पडवीत. आई विहिरीवर होती, तुम्ही सुपारी कातरत होता, मी गाड्यांच्या वेळा उतरवून घेत होतो. तुम्ही म्हणालात, "कार्तिकात मद्रासकडं पाऊस असतो. आपला गेला की त्यांचा येतो. तुला रजा पुढं ढकलता आली तर आपण माघात जाऊ." माझी रजा मंजूर होऊन बसलेली, साहेबापुढं पुन्हा अर्ज घेऊन जायचं माझ्या जिवावर आलेलं. मी मान वर न करता म्हणालो, "अण्णा, तुमची शाळा संपली आता. पुस्तकातलं पुरे." तुमचा अडकित्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला. त्यानंतर तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, मद्रासला नाही, पावसात नाही. परतीच्या गाडीत आईनं पहिल्यांदा तुम्हाला चिडवलं, "मास्तर, विसरलात ना हो?" तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण पाहिलंत हे मला कळलं. आणि तुम्ही तिला म्हणालात, "हो, विसरलो खरा."

तर आई विचारत होती, तुला कुणी सांगितलं. गुडघ्यावर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, बोलायला याहून बरी वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, कचेरीत एकजण मद्रासकडचा आहे, तो सांगत होता. असा कुणी कचेरीत नाही, अण्णा.